खाली धरलेला हात

"गार असतो का गरम?" दस्तगीर वस्तादांनी विचारलं.

मानसिंगनं अजून तोंडही उघडलं नव्हतं. टेकडी चढून, चपला काढून तो नुकता कुठं दर्ग्याच्या ओट्यावर टेकला होता.

"काय गार असतो?"

"हात. तुझ्या काखंत येऊन बसतो त्यो."

मानसिंगचा डावा हात आपोआप उजव्या काखेकडं गेला. ही गोष्ट त्यानं बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. डॉक्टरांना तर नाहीच नाही.

"... गार," तो म्हणाला.

वस्तादांनी मान हलवली. एवढंच हवं होतं जणू त्यांना.

आता हा मानसिंग बाबर म्हणजे कोण, ते सांगायलाच हवं. तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर ज्याचा फ्लेक्स वर्षभर उतरत नाही, उघड्या छातीचा, तेल लावलेला, तोच हा. चारी भिंतींना आरसे लावलेली त्याची व्यायामशाळा आहे. पोरं त्याला 'सर' म्हणतात. आणि छाती म्हणाल तर खरोखर छातीच. शर्टाची वरची दोन बटणं त्याला कधी लागायची नाहीत, आणि लागली असती तरी गड्यानं लावली नसती.

आज मात्र तो सदरा घालून आला होता. गळ्यापर्यंत बटणं लावून, वर चादर पांघरून. मे महिन्यात.

"चादर काढ," वस्ताद म्हणाले.

"राहू द्या की."

"बरं... राहू दे."

वस्ताद पूर्वीचे व्यायामशाळेचे उस्ताद, आता दर्ग्यातले फकीर. दर्ग्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी अख्ख्या पंचक्रोशीची पोरं तयार केली. मानसिंग त्यातलाच एक. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो इथं यायचा. आज ती शेड मोडकळीला आली होती, पण ज्यावर निजून वजन मारायचं ते जुनं लाकडी बाकडं अजून ओट्याच्या कोपऱ्यात पडून होतं.

आल्यापासून मानसिंग सगळीकडं बघत होता, फक्त वस्तादांच्या उजव्या हाताकडं बघत नव्हता.

तो हात गुडघ्याच्या जरा वर, अधांतरी, तळवा आभाळाकडं करून धरलेला होता. डाव्या हातानं त्यांनी उजव्याचं कोपर पेललं होतं. तळव्यावर कुणीतरी ठेवलेले चार फुटाणे होते.

"भिक्षा मागतोय असं वाटतं लोकांना," वस्ताद म्हणाले. "ठेवून जात्यात बिचारे."

त्यांनी फुटाणे झटकले नाहीत. हात हललाच नाही.

"लकवा भरलाय का?" मानसिंगनं विचारलं.

वस्ताद नुसते हसले.

तेवढ्यात पायऱ्यांवरून धापा टाकत शहाबी आली. ही मुजावराची बायको, दर्ग्याची झाडलोट करते, वस्तादांचं जेवणखाणही बघते. कमरेवर पाण्याचा हंडा होता. मानसिंगला बघून ती थबकली.

"हेच की वो ते दादा," ती वस्तादांना म्हणाली. "खाली आडापाशी मी म्हटलं, जरा हात लावता का? डोक्यावर ठेवायचा होता. बघितलं, आन सरळ निघून गेले."

मानसिंगचं तोंड उतरलं. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, हे त्या बाईला काय सांगायचं? फ्लेक्सवरच्या माणसाला एक हंडा उचलवत नाही म्हणून?

"घाईत होतो," तो पुटपुटला.

"असंल. मग मी आनला कमरंवर, वाटंत धा ठिकानी टेकवत." तिनं हंडा उतरवला आणि जाता जाता म्हणाली, "लकवा नाय वो त्यो दादा. गुरवारपासनं हाय तसा. सांजच्याला ऊद फिरवत होते, आन एकदम धुपाटणं हातातनं खाली. निखारे सांडले, चादर जळली. हात मात्र असाच. झोपेतबी असाच. डाक्टर आला, त्यानं उचलला तर वर जाईना. म्हणाला, ह्याच्यावर काय वझं ठेवलंय काय?"

ती हंडा घेऊन मागच्या अंगाला गेली. भांड्यांचा आवाज येऊ लागला.

गुरुवार... मानसिंगनं चादर आणखी घट्ट ओढून घेतली.

कारण त्याच्या छातीचं जे काही झालं, तेही गुरुवारीच. संध्याकाळीच.

"डॉक्टर काय म्हनला तुला?" वस्तादांनी विचारलं.

"मिरजेला गेलो होतो. डॉक्टरीणबाई आहेत. म्हणाल्या, नमस्कार करा."

"मग? केलास?"

"तळवे एकमेकांवर दाबून धरायचे होते. जोरात. डावीकडं छाती टरारून वर आली. उजवीकडं..." तो थांबला. "उजवीकडं खड्डा पडला. काखेची पुढची भिंतच नाही. त्यांनी आरसा धरला माझ्यासमोर."

आरशाशी त्याचं इतक्या वर्षांचं सख्य. पण त्या दिवशी त्यानं डोळे मिटून घेतले होते.

बाईंनी त्याला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. छातीचा मोठा स्नायू म्हणजे पंखा. त्याचा एक भाग गळ्याच्या हाडापासून निघतो, दुसरा छातीच्या मधल्या हाडापासून आणि बरगड्यांपासून. सगळे तंतू गोळा होऊन दंडाच्या हाडाला जाऊन चिकटतात. पण सरळ नाही जात. खालचे तंतू मागून वर चढतात, वरचे पुढून खाली उतरतात. तिथं त्याला पीळ पडतो. हात उंच केला की पीळ सुटतो. तुमचं तिथंच तुटलंय, दंडाच्या हाडापासून, त्या म्हणाल्या होत्या. आणि ते तुटतं ते वजन वर ढकलताना क्वचितच. बहुतेक वेळा वजन खाली घेताना तुटतं.

"पीळ तुटला म्हन की," वस्ताद म्हणाले.

मानसिंगला राग आला. पण तो गिळून बसला.

"ऑपरेशन करायला सांगितलंय. लवकर. नाहीतर स्नायू आत आखडून बसेल, मग हाडापर्यंत ओढता येणार नाही. हात कायमचा अधू."

"मग करून घे."

"उताणं झोपावं लागतं, वस्ताद."

वस्तादांनी पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडं बघितलं.

मानसिंगनं चादरीचं टोक मुठीत धरलं. आवाज खाली आला. "उताणा झालो की तो हात येतो. त्या खड्ड्यात. बरोब्बर मावतो. डोळे मिटले तरी कळतं. अंगठा कळतो... आणि तीन बोटं. अंगठ्याशेजारची जागा मोकळी."

बोलता बोलता त्याची नजर गेलीच.

वस्तादांच्या उजव्या हाताला अंगठा होता आणि तीन बोटं. अंगठ्याशेजारचं बोट तरुणपणी रसाच्या चरकात गेलं होतं. गावातल्या पोरासोरांना ही गोष्ट ठाऊक होती. मानसिंगलाही होती. म्हणून तर तो इथवर आला होता.

"तुम्ही करणी केली असेल तर मोडा," तो म्हणाला. शब्द असे सुटले की त्यालाच वाईट वाटलं, पण मागे घेतले नाहीत. "तो हात काढून घ्या. मला झोप नाही. बसून रात्री काढतोय मी. त्या टेबलावर मी उताणा झोपणार नाही."

"मी हात लावला न्हाई तुला."

"वस्ताद, मला खोटं—"

"तूच न्हवं का म्हनला होतास? हात लावू नका. मी शब्द मोडत न्हाई."

म्हणाला होता. तेही सगळ्या गावादेखत.

वस्तादांची शिकवायची एक रीत होती. पोरगं बाकड्यावर उताणं झालं की ते डोक्याशी उभे राहायचे आणि लोखंडी बारच्या खाली दोन्ही तळवे धरायचे. बार खाली आला की तळवे खाली, वर गेला की वर. पण बारला स्पर्श म्हणून नाही. वजन ज्याचं त्यानं उचलायचं, ते म्हणायचे. आपण लावायचा नाही, खाली धरायचा.

एका वर्षी उरुसात मानसिंग मोठं वजन मारणार होता. माणूस मावत नव्हतं, समोर पुढारी बसलेले. वस्ताद नेहमीसारखे डोक्याशी येऊन उभे राहिले. आणि मानसिंग बाकड्यावरूनच खणखणीत आवाजात म्हणाला, "वस्ताद, लांब व्हा. हात लावू नका. उद्या लोक म्हणतील म्हाताऱ्यानं उचललं."

लोक खो खो हसले.

"बरं," वस्ताद म्हणाले होते. "न्हाई लावत." आणि चार पावलं मागं गेले होते.

वजन मानसिंगनं मारलं. हार पडले. पुढं त्यानं तालुक्याला आरशांची व्यायामशाळा काढली आणि या टेकडीकडं फिरकला नाही. तिथंही त्याचा एकच नियम होता. सर वजन मारत असताना कुणी हात लावायचा नाही.

"मी हात लावला न्हाई," वस्ताद पुन्हा म्हणाले. "खाली धरलाय."

दिवस कलला होता. दर्ग्याच्या आत कुणीतरी ऊद टाकला असावा, त्याचा वास येत होता. पण आत तर कुणी नव्हतं...

"नको मला," मानसिंग म्हणाला. "काढा."

"काढतो. बाकड्यावर आडवा हो."

"कशाला?"

"बघू दे की किती जड हाय. मगच काढतो."

मानसिंग जागचा हलेना. मग, भ्यालो असं म्हाताऱ्याला वाटू नये, एवढ्याच एका कारणानं तो उठला. चादर काढून ठेवली. बाकड्यावर बसला आणि दात-ओठ खात पाठीवर कलंडला. सदऱ्याची बाही वर सरकली. दंडावरचा काळानिळा डाग कोपरापर्यंत उतरला होता.

वर आभाळ होतं. बाकी काही नव्हतं.

मग तो हात आला. गार. अंगठा आणि तीन बोटं त्या खड्ड्यात नीट बसली.

वस्ताद ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, होते तिथंच बसलेले होते.

"गुरवारी काय झालं?"

"वजन मारत होतो. खाली घेताना टर्रकन आवाज आला. जाड कापड फाटतं तसा. उजवा हात गेला."

"मग बार?"

"गळ्यावर आला."

"मग?"

"थांबला. वीतभर वर."

"कुनी थांबवला?"

"मी. डाव्या हातानं तोलला."

वस्तादांचा तळवा बोटभर खाली आला. फुटाण्यांपैकी एक ओट्यावर पडला.

आणि मानसिंगच्या गळ्यावर काहीतरी टेकलं. लोखंडासारखं थंड. खरखरीत. बारवर पकडीसाठी जे काटे पाडलेले असतात ना, ते त्याला कातडीवर मोजता आले असते. वर बघितलं तर नुसतं आभाळ.

"वस्ताद..."

"कुनी थांबवला?"

त्या दिवशी सगळी पोरं बघत होती. मानसिंग बारखालून सरपटत बाहेर आला, आणि मग बार कोसळला. बाकड्याचं रेक्झीन फाटलं, फरशीला तडा गेला. 'सरांनी एका हातानं तोलला!' कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. मानसिंगनं नाही म्हटलं नाही. हात लोंबत असताना तो चक्क हसला होता. व्हिडिओ गावभर फिरला.

तो व्हिडिओ त्यानं रात्र-रात्र बघितला होता. त्यात डाव्या हाताचं कोपर आधीच दुमडलेलं दिसतं. डोक्याशी त्याचा मदतनीस ओंकार उभा, दोन्ही हात पाठीमागं बांधून. 'मी नाही लावला हात सर,' तो नंतर रडवेला होऊन म्हणाला होता. 'तुम्हीच सांगितलेलं.' आणि मधोमध तो बार, कुणाचाही हात नसताना, हवेत थांबलेला.

"मीच... डाव्या..."

तळवा आणखी खाली आला. दुसरा फुटाणा पडला.

श्वास अडकला. मानसिंगनं डावा हात गळ्याशी नेला. बोटांना काही लागेना, पण ओझं होतं. घशाची घाटी आत दबत होती. डोळ्यांपुढं काजवे चमकले. आपण मरतोय, हे त्याला अगदी साधेपणानं कळलं. इथं, दर्ग्याच्या ओट्यावर, कशाखालीही न सापडता.

"मी नाही," तो कसाबसा बोलला. "मी नाही थांबवला."

ओझं किंचित उचललं गेलं. तो खोकला. डोळ्यांतून पाणी आलं, ते कानांत ओघळलं. त्यानं ते पुसलं नाही.

"माझ्यात काहीच उरलं नव्हतं, वस्ताद. कोपरही दुमडलं होतं. मी डोळे मिटले होते."

"हां," वस्ताद म्हणाले.

आभाळाचा रंग उतरत चालला. मागं शहाबी राखेनं भांडी घासत होती, तेवढाच एक आवाज होता.

"मग?" वस्तादांनी विचारलं. "काढू म्हनतोस?"

इथवर चढून तो ह्याच एका गोष्टीसाठी आला होता. होय म्हणायला कितीसा वेळ लागणार?

"नको," मानसिंग म्हणाला. "नका काढू."

मानसिंगनं मान वळवली आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडं नीट बघितलं. म्हातारा घामानं निथळत होता. मनगटाच्या शिरा तटतटून वर आल्या होत्या. गुरुवारपासून... जेवताना, झोपताना. डाव्या हातानं पेललेलं कोपर आता लटलट कापत होतं.

मानसिंगला रडू फुटलं. एवढ्या वर्षांत या माणसाला आपण साधं कसे आहात म्हणून विचारलं नाही, हे त्याला त्या बाकड्यावर आठवलं.

"उतरवा ना मग कुठंतरी," तो म्हणाला. "तुम्हाला झेपत नाही."

"कुठं उतरवू? बार तिकडं पडला, वझं अजून माझ्या हातावर हाय. खाली तू हायस."

तिसरा फुटाणा पडला. तळवा खाली यायला लागला. या वेळी वस्ताद तो आणत नव्हते. तो आपोआप येत होता.

"मी उठतो. सरपटत निघतो."

"ऊठ की."

मानसिंगनं उठायचा प्रयत्न केला. उजवी बाजू नव्हतीच. डावा हात बाकड्यावर रोवला, तो घसरला. पुन्हा रोवला... पुन्हा घसरला. थंड लोखंड हनुवटीखाली येऊन भिडलं.

मग त्यानं ते शब्द म्हटले. आडापाशी कुणीही कुणालाही म्हणतं ते, मोळी उचलताना, पोतं चढवताना, हंडा डोक्यावर घेताना. त्याच्या तोंडातून ते आजवर कधी निघाले नव्हते.

"वस्ताद... हात लावा."

शेवटचा फुटाणा ओट्यावर पडला, गडगडत पायरीपर्यंत गेला. मागं भांड्यांचा आवाज थांबला होता. शहाबी हात धूत असावी.

"माझा हात खाली गुंतलाय, पोरा..." वस्ताद म्हणाले. "दुसऱ्या कुनाला तरी हाक मार."